तेजश्रीताईंना, कावळा न शिवल्याबद्दल

न्हावरे, ता. शिरूर
रविवार, २ मार्च २०२५

सकाळी लाइट होती म्हणून मोटर चालू केली आणि कांद्याला पाणी दिलं. डेअरीवर जाऊन दुधाचे फॅट मोजले. घरी येऊन आंघोळ केली, कालचा भात फोडणीला टाकून खाल्ला. दुपारी कुणी भेटायला आलं नाही. मग हे पत्र लिहायला बसलो.

सौ. तेजश्रीताई यांना आनंदरावांचा नमस्कार. पत्राच्या डोक्यावर ‘श्री’ लिहिलेलं नाही, कारण वर्ष सरेपर्यंत लिहायचं नसतं असं तुमच्या धुरपदामावशी म्हणाल्या. (त्या म्हणाल्या म्हणजे तसंच असणार. त्यांना उलट बोलायची हिंमत माझ्यात असती तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.) तुमची तब्येत बरी असेल. सम्राटरावांचा गुडघा आता काय म्हणतो? दौंडला पाणी अजून एक दिवसाआड येतं की रोज? इकडं मी आणि साई ठीक आहोत. ती परवा पुण्याला नर्सिंगच्या हॉस्टेलवर परत गेली. जाताना मला कुकर कसा लावायचा ते शिकवून गेली, आणि आता रोज फोन करून शिट्ट्या किती झाल्या ते विचारते.

पत्र पोस्टानं पाठवतोय, कारण व्हॉट्सॅपवर मी केलेल्या नमस्काराला एकच टिक येते. तुमचा फोन बिघडला असेल असं समजून मी आठवडाभर थांबलो. मग साई म्हणाली, “बाबा, मावशीनं तुम्हाला ब्लॉक केलंय.” पोस्टात तशी सोय नाही, म्हणून हा मार्ग. रागावून पत्र फाडणार असाल तर कृपा करून शेवटपर्यंत वाचून फाडा. जे सांगायचं आहे ते मला सुरुवातीलाच सांगता येणार नाही. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा मी पाणी प्यायला गेलो होतो आणि वरात निघेपर्यंत आलो नव्हतो.

तर आधी गेमविषयी. आपली अनुपमा फोनवर शेतीचा गेम खेळायची हे तुम्हाला थोडंफार माहीत असेल. नाव इंग्रजीत आहे, मला ते नीट म्हणता येत नाही. मी तिला खूप हसायचो. मी म्हणायचो, बाई, दारात दीड एकर कांदा उभा आहे, त्याला हात लावायला नको आणि फोनात गहू पेरत बसतेस. ती म्हणायची, तुमच्या शेतात राबून कोण शाबासकी देतं? इथं गहू कापला की चांदण्या पडतात. आता मी स्वतः खेळून पाहिल्यावर तिचं म्हणणं मला पटतं. त्या शेतीत लाइट रात्रीची येत नाही. पिकाला भाव पाडून मागणारा कुणी नाही, निर्यात बंद होत नाही, उसात बिबट्या बसत नाही. कोंबड्यांना रोग येत नाही. फक्त भूक लागली की त्या मान वाकडी करून आपल्याकडं बघतात, ते मात्र सहन होत नाही. गाई दूध देतात त्याचा फॅट कुणी विचारत नाही. (एवढी वर्षं डेअरीवर फॅट मोजणाऱ्या माणसाला ही फार मोठी विश्रांती आहे. तिथं कुणी माझ्याशी भांडत नाही.) असली शेती खरी असती तर आपल्या तालुक्यातली पोरं पुण्याला कशाला गेली असती, असं माझं प्रामाणिक मत आहे.

त्या गेममध्ये मंडळं असतात. मंडळातल्या प्रत्येकानं आपल्या शेतातला माल ट्रकात भरून पाठवायचा, आणि सीझन संपला की कुणाचे ट्रक किती गेले त्यावर मंडळाचा नंबर लागतो. अनुपमानं स्वतःचं मंडळ काढलं होतं, नाव ‘भीमाकाठ’. त्यात भीमाकाठची ती एकटीच. बाकी एक बाई गोरखपूरची, एक जण सुरतेत साड्यांच्या दुकानात आहे, एक नेपाळी मुलगा आहे, असे कुठले कुठले लोक. ती त्यांची अध्यक्ष होती. आपल्या घराण्यात सोसायटीला, दूध संघाला, पतसंस्थेला उभे राहिलेले कितीतरी पुरुष आहेत. पण बिनविरोध अध्यक्ष झालेली ही एकटीच, आणि ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सगळे तिला अनुदीदी म्हणायचे. त्यांच्याशी ती हिंदीत लिहायची. तिचं हिंदी म्हणजे आपलं मराठीच, शेवटी ‘है’ लावलेलं. पण त्यांना कळायचं.

दवाखान्यात शेवटी शेवटी तिला बोलायला दम लागत होता. त्या अवस्थेत तिनं माझ्या हातात फोन दिला, उघडायचा कसा ते दाखवलं आणि म्हणाली, “सीझन संपत आलाय. आपण पहिल्या नंबरला हाय. रोज सकाळ-संध्याकाळ ट्रक भरायचं, माझ्या माणसांना उघडं पाडू नका.” मी हो म्हणालो. ताई, हे मी कुणालाच सांगितलं नाही. सगळे विचारत होते, शेवटचं काय बोलली, काय बोलली. आईंनी तर माझे दोन्ही हात धरून विचारलं. मी म्हणालो, काही नाही, शांत होती. आता सांगा, साठीच्या पुढच्या आईला मी काय सांगणार होतो? तुमच्या लेकीनं शेवटच्या श्वासाला ट्रक भरायला सांगितले म्हणून?

मग ती गेली, आणि पुढचे दिवस तुम्ही पाहिलेच. मला रडता येत नाही, बोलताही येत नाही. भेटायला येणारी माणसं समोर बसतात, चहाचा कप धरून जमिनीकडं बघतात आणि ‘लई वाईट झालं’ म्हणतात. त्यावर ‘व्हय’ म्हणायचं की गप्प बसायचं हेच मला कळत नव्हतं. म्हणून मी उपरण्याच्या आत फोन धरून ट्रक भरायला लागलो. मान खाली असायची. लोकांना वाटायचं, माणूस पार खचलाय. आमचा पप्पू (माझा चुलतभाऊ, ज्यानं फ्लेक्स लावले तो) गावात सांगत होता की आनंदा मान वर करत नाही, त्याच्यावर लक्ष ठेवा. आणि मी त्या वेळी मका कापत असायचो.

फ्लेक्सचं आठवलं म्हणून लिहितो. तो फ्लेक्स माझ्या मनाविरुद्ध होता. पप्पूनं अनुपमाचा फोटो कंपोझिंगवाल्याला दिला आणि सांगितलं जरा चांगला कर. त्यानं तिला गोरी केली, दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावरची जांभळी पैठणी नेसवली, पाठीमागं धबधबा टाकला आणि खाली शोकाकुल म्हणून चाळीस पोरांचे गॉगल घातलेले फोटो लावले. त्यातल्या निम्म्यांना ती ओळखत नव्हती, उरलेल्या निम्म्यांना ती अंगणातून हाकलायची. पुन्हा त्या पोरांनी तिच्या फोटोवर रडकं गाणं लावून स्टेटस ठेवलं आणि त्याच दिवशी त्यावरच बैलगाडा शर्यतीचंही ठेवलं, म्हणजे एक बोट फिरवलं की अनुपमा आणि लगेच भिर्रर्र. मला वाटतं, पूर्वी लोक दुःखात एक पांढरा कपडा घालून गप्प बसायचे तेच बरं होतं. पण हे म्हणायचा अधिकार मला नाही, ते पुढं कळेलच.

दशक्रिया भीमेवरच करायची असं आईंनी सांगितलं, म्हणून आपण सगळे वडगाव रासाईच्या घाटावर जमलो. आणि सीझन नेमका त्याच दिवशी सकाळी संपणार होता. प्रवचन चालू असताना मी पुढं मांडी घालून बसलो होतो, डोकं भादरलेलं, अंगावर उपरणं. महाराज सांगत होते, बाबांनो, हे घर, हे शेत, ही जनावरं, सगळं खोटं, सगळा भास. मी आत बोटानं खोट्या शेतातला खोटा गहू कापत होतो, आणि मला एकट्यालाच ते अगदी पटत होतं. मग आपल्या भागातले पुढारी श्रद्धांजलीला उठले. त्यांनी पाण्याच्या आवर्तनावर भाषण केलं, कांद्यावर केलं, मध्येच भावनाविवश झाले, बहुतेक कांद्यामुळंच. ते थांबेनात. त्यांच्या कृपेनं माझे दोन ट्रक भरून झाले. एक राहिला होता. लोणी तयार व्हायचं होतं. एवढ्यात गुरुजींनी पिंडाला बोलावलं.

इथून पुढचं लिहायला मला लाज वाटते.

पिंड ठेवले. शेजारी तिच्या आवडीचं सगळं मांडलं, कासुर्डी फाट्यावरची भेळसुद्धा. आपण सगळे मागं सरून उभे राहिलो. कावळे होते, भरपूर होते. पण त्या दिवशी घाटावर आणखी दोन दशक्रिया होत्या आणि शेजारच्यांनी पनीर ठेवलं होतं. सगळे कावळे तिकडं. एक आपल्या वाट्याच्या बाभळीवर येऊन बसला, त्यानं मान फिरवून बघितलं आणि तिथंच चोच घासत राहिला. मग नेहमीचं सुरू झालं. मी हात जोडून म्हणालो, साईचं शिक्षण पूर्ण करीन. कावळा हलला नाही. साई म्हणाली, आई, मी बाबांना सांभाळीन. नाही. पप्पू म्हणाला, वहिनी, मी तंबाखू सोडतो. (सोडलेली नाही.) ऊन चढलं. लोक बसायला सावली शोधायला लागले, कुणी तरी पलीकडं जेवणाची भांडी वाजवली.

मला माहीत होतं तिचा जीव कशात आहे. माझ्या खिशात होता तो. फक्त पुढं होऊन म्हणायचं होतं, अनुपमा, तुझे ट्रक मी भरीन, तुझ्या माणसांना उघडं पाडणार नाही. एवढंच. पण आसपासच्या गावांची माणसं उभी होती, सोसायटीचे चेअरमन होते, डेअरीचे गवळी होते ज्यांच्या दुधात मी पाणी काढतो. ते आयुष्यभर मला ट्रकवाला म्हणाले असते. मी म्हटलं, अजून थोडं थांबू, भूक लागली की येईल.

तेवढ्यात धुरपदामावशी बोलल्या. तुम्हाला आठवत असेल, मला तर रोज आठवतं. तुमच्या गळ्याकडं बघून म्हणाल्या, “आगं तेजे, ती बोरमाळ आईनं तुला घातली न् धाकटी तशीच राह्यली. त्यात जीव हाय पोरीचा. कवाची बघतीय मी, माळ घालून मिरवतीस, तो काय येतोय खाली?” आई रडायला लागल्या. बायका कुजबुजल्या. तुम्ही म्हणालात, मावशी, आमच्यात असलं काही नव्हतं, ती कधी बोलली नाही. त्यावर मावशी म्हणाल्या, “बोलंल कशी, गुणाची होती ती.” आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत. ताई, तुम्ही सरळ माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, “दाजी, तुम्हाला तरी कधी बोलली का?”

मी खाली बघितलं.

मला माहीत होतं ती काय म्हणायची. ती म्हणायची, माळ ताईलाच शोभती, माझी मान आखूड, मला घातली तर म्हशीच्या गळ्यात लोढणं दिसंल. दिवाळीला तुम्ही माळ घालून आलात की ती मला स्वयंपाकघरातून खुणा करायची, बघा कशी दिसती म्हणून. हे एक वाक्य बोलायला काही लागत नव्हतं. पण त्याच वेळी माझ्या मनात आलं, मी जर म्हणालो की माळेत जीव नाही, तर मावशी पुढचा प्रश्न विचारतील, मग कशात हाय? आणि त्याचं उत्तर मला देता आलं नसतं. म्हणून गप्प बसलो. माझं गप्प बसणं लोकांनी ‘हो’ असं समजलं. तसंच समजणार, दुसरं काय समजणार?

तुम्ही माळ काढलीत, सगळ्यांच्या समोर पिंडाला दाखवलीत, ‘अनु, चुकलं माझं’ म्हणालात आणि साईच्या हातात ठेवलीत. तुमचं काही चुकलेलं नसताना. आणि कावळा तरीही आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी जेवायला गेली. तुम्ही न जेवता सम्राटरावांच्या गाडीवर बसून दौंडला गेलात. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो. हाक मारायची म्हणून तोंडही उघडलं होतं, पण मोठ्यानं हाक मारायची मला सवय नाही.

आता वडगावात, न्हावऱ्यात, सगळीकडं हेच चाललंय की थोरलीच्या माळेपायी धाकटीला गती मिळाली नाही. परवा डेअरीवर एक म्हातारी दुसरीला हेच सांगत होती. मी दुधाचा नमुना घेत होतो, माझा हात हलला आणि तिच्या म्हशीला गाईचा फॅट लागला. तरी बोललो नाही. तुम्ही दुखवट्याचं जेवण घेऊन आला नाहीत, बोलावलंही नाहीत, यात तुमचा काही दोष नाही. मी तुमच्या जागी असतो तर ब्लॉकवर थांबलो नसतो.

आणि त्या गेमचं काय झालं तेही सांगतो, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. घाटावरून घरी येऊन फोन बघितला. लोणी तयार झालं होतं, ट्रक तसाच उभा होता आणि सीझन संपला होता. भीमाकाठ दुसऱ्या नंबरवर. पहिला थोडक्यात गेला. म्हणजे मी तुम्हाला उघडं पाडलं ते पाडलंच, आणि ज्यासाठी पाडलं तेही साधलं नाही. मला वाटलं मंडळातले लोक शिव्या देतील. कुणी दिल्या नाहीत. गोरखपूरच्या बाईनं लिहिलं होतं, “दीदी, कोई बात नहीं। आपकी तबियत तो ठीक है ना?” मग लिहिलं, “हाँ, ठीक है।”

एवढंच सांगायचं होतं. तुमच्या गळ्यातली माळ तुमचीच आहे, तिच्यात अनुपमाचा जीव नव्हता. झाल्या गोष्टीबद्दल मी तुमची हात जोडून माफी मागतो. तो गेम मी आजच फोनमधून काढून टाकणार आहे. माणसानं या वयात, या प्रसंगात असलं काही करू नये. सम्राटरावांना नमस्कार. आईंची भेट झाली तर सांगा मी जेवतो.

आपला,
आनंदराव

ता. क. १ – वर ‘एवढंच सांगायचं होतं’ लिहिलं आहे ते खरं नाही. येत्या गुरुवारी महिन्याचा घास आहे. त्या दिवशी वडगावच्या घाटावर पुन्हा सगळे येणार आहेत, धुरपदामावशीही. मी ठरवलंय की घास ठेवल्यावर सगळ्यांच्या देखत खरं सांगायचं. ट्रक, कोंबड्या, सगळं. माळ मी बरोबर आणतो, ती तिथंच, त्याच लोकांसमोर तुम्हाला द्यायची आहे. साईचंही तेच म्हणणं आहे. माळ पोस्टानं पाठवता आली असती, पण मग लोकांना काय कळणार? तेव्हा तुम्ही यावं ही विनंती. खरी विनंती पुढंच आहे. मी तीन दिवस कांद्याच्या वाफ्यात उभा राहून बोलायचा सराव करतोय आणि दर वेळी ‘मंडळी’ म्हणून थांबतो. घाटावरही थांबेन. तेव्हा तुम्ही जरा जवळ उभ्या राहा आणि “बोला दाजी” एवढं म्हणा. रागानं म्हणालात तरी चालेल. रागानं म्हणालात तर लवकर बोलेन.

ता. क. २ – पत्रातलं अक्षर मध्येच बदललेलं दिसेल. दवाखान्याचा भाग लिहून झाल्यावर मी उठलो आणि मंडळात खरं लिहून टाकलं. म्हटलं, गुरुवारी आपल्या माणसांना सांगायचं आहे, तर सुरुवात परक्यांपासून करू. लिहिलं, “मैं दीदी का मिस्टर हूँ। दीदी नहीं रही। इतने दिन मैं ही खेल रहा था। माफ करो।” कुणाचंच काही आलं नाही. मला वाटलं, सगळे सोडून गेले. मग नेपाळच्या मुलानं हात जोडल्याची खूण पाठवली. सुरतवाला म्हणाला, त्याला महिन्यापासून शंका होती, कारण दीदी कधी इतकं शुद्ध लिहीत नव्हती. आणि गोरखपूरच्या बाईनं बऱ्याच वेळानं विचारलं, “भैया, तो आज का ट्रक कौन भरेगा?”

ता. क. ३ – तेव्हा वर गेम काढून टाकणार असं जे लिहिलंय ते कृपया वाचू नये. खोडलं असतं, पण खाडाखोड केलेलं पत्र तुम्हाला पाठवणं बरं दिसत नाही.

ता. क. ४ – गुरुवारीही कावळा आला नाही तर मी काय करायचं ते मला माहीत नाही. पण तुम्ही या.

पाकीट चिकटवायला डिंक नाही. थोडी कणीक भिजवून घेतो.